रेवस ते रेडी, सावकाश : मुक्कामाचा हिशोब

आमच्या खर्चाच्या वहीत दोन पानं समोरासमोर आली आहेत. डाव्या पानावर पहिले आठ दिवस आहेत : पाच गावं, आठ रात्री, २१,६०० रुपये. उजव्या पानावर त्यानंतरचा पहिला अख्खा महिना : गुहागरजवळचं एकच गाव, तीस रात्री, २१,९०० रुपये. माणसं तीच दोघं, समुद्र तोच. आठ दिवसांत जेवढे पैसे गेले तेवढ्यात पुढचा महिना निघाला.

पुण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही नवरा-बायको रेवसपासून रेडीकडे, कोकण किनाऱ्यानं हळूहळू खाली सरकत राहू लागलो, तेव्हा पैसे वाचवायचे म्हणजे स्वस्त खोली शोधायची एवढंच डोक्यात होतं. वही वेगळंच सांगत होती. खोलीपेक्षा महाग पडतो तो गाव बदलण्याचा दिवस. सकाळी खोली सोडली की शेगडी पिशवीत जाते, म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं बाहेर. स्टँडपर्यंत रिक्षा, फाट्यापासून रिक्षा. नव्या गावात दमून पोचलं की समोर दिसेल ती खोली, सांगतील त्या भावाला. असे दिवस महिन्यात दोन आले तर झेपतं. आठवड्यात चार आले तर कुठलीही काटकसर पुरी पडत नाही.

म्हणून नव्यानं निघणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की प्रवास किलोमीटरवर आखू नका, मुक्कामांवर आखा. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय. स्वतःची गाडी नाही, पाठीवर एकेक पिशवी, एसटी, फेरीबोट आणि पॅसेंजर गाडी, आणि लॅपटॉपवर करण्याजोगं काम किंवा पेन्शन हाताशी, असं धरून चालते.

निघण्याआधी

घर सोडलं म्हणजे घराचा खर्च संपला, असं होत नाही. आरोग्यविम्याचा हप्ता, एखादं कर्ज, आईवडिलांना पाठवायचे पैसे, नातेवाइकांकडे ठेवलेल्या सामानाच्या कपाटाचं भाडं असलं तर ते, हे सगळं पाठीमागून येत राहतं. हे आकडे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा आणि महिन्याच्या बजेटातून आधी वजा करा. उरेल तो तुमचा रस्त्यावरचा पैसा. विम्याचा हप्ता मात्र वाचवायच्या यादीत कधीच घालू नका.

पत्रव्यवहाराचा पत्ता एकाच विश्वासाच्या घरी ठेवा. आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर कुठल्याही कारणानं बंद पडू देऊ नका. ओटीपी आला नाही तर परगावी साधं रिचार्जसुद्धा अडतं. शिवाय दोन महिने पुरतील एवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि ते नाहीतच असं समजा.

कधी, आणि कुठून कुठे

रेवस अलिबाग तालुक्यात, रेडी वेंगुर्ले तालुक्यात. या दोन टोकांच्या मधला किनारा ही आमची वाट. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरलं की प्रवास समुद्रावरूनच सुरू होतो. आम्ही दिवाळीची सुट्टी संपल्यावर निघालो आणि पुन्हा जायचं झालं तरी त्याच सुमारास निघू. हवा कोरडी होत जाते, रात्री गार, आणि शाळा सुरू झाल्यामुळे खोल्या रिकाम्या.

खोलीचा भाव गावावर जेवढा ठरतो त्याहून जास्त तारखेवर ठरतो. दिवाळीचा आठवडा, २५ डिसेंबर ते १ जानेवारी, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि सबंध मे महिना, या दिवसांत किनाऱ्यावर हलूच नये. आधी जिथे आहात तिथेच राहण्याचं ठरवून घ्यावं. अलिबाग, मुरुड, दिवेआगर ही गावं मुंबई-पुण्याला जवळ, त्यामुळे तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी भाव चढतो आणि रविवारी दुपारी उतरतो. वेळासला फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा शनिवार-रविवारी घरोघरी पाहुणे असतात. पिल्लं बघायचीच असतील तर मंगळवार-बुधवार धरा. वाळूवरची गर्दी कमी, आणि जेवण वाढणाऱ्या वहिनींना दोन शब्द बोलायला वेळ असतो.

गणपतीत कोकणातल्या प्रत्येक घरात चाकरमानी येतात. तेव्हा खोली मिळणं अवघड, गाडीत जागा मिळणं त्याहून अवघड. पावसाळ्यात राहायचं असेल तर जूनच्या आधी एक गाव धरून बसा आणि सप्टेंबरपर्यंत तिथून उठू नका. गेटवे-मांडवा लाँच त्या काळात बंद असते, मुरुड-जंजिऱ्याच्या होड्या बंद, कपडे वाळत नाहीत, वीज जाते. पण भाडं सगळ्यात कमी तेव्हाच असतं. ओल सोसत असेल त्यानं जरूर राहावं.

खोली : दोन रात्रींच्या बोलीनं सुरुवात करा

महिन्याची खोली फोनवर किंवा ॲपवर मिळत नाही. तिथे मिळतो तो पर्यटकाचा भाव. आमची पद्धत अशी : सोमवार-मंगळवारी गावात पोचायचं, घरगुती निवासाची खोली फक्त दोन रात्रींसाठी घ्यायची, त्यांच्याच घरी जेवायचं. पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदलेली घरं बऱ्याच गावांत आहेत, तिथून सुरुवात सोपी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पायी चक्कर मारायची. किराणा दुकानदार, पोस्टमन, पिठाची गिरणी, या तिघांना गावातलं कुठलं घर बंद आहे, कुणाचा मुलगा मुंबईला असतो आणि कुणाची मागची खोली रिकामी आहे, हे पक्कं माहीत असतं. “काका, महिनाभर राहायला एखादी खोली आहे का कुणाची? आम्ही दोघंच आहोत, काम घरूनच करतो,” एवढं स्वच्छ विचारायचं. गुहागरजवळची आमची खोली गिरणीवाल्या काकांनी दाखवली. पर्यटकांना ती दिवसाला हजाराच्या वर गेली असती. महिन्याचे नऊ हजार ठरले, वीज वेगळी.

बोली करण्याआधी जे बघायचं ते पैशाच्या नजरेनं बघा. पाणी विहिरीचं की नळाचं, मार्चनंतर विहीर तळाला जाते का. पंप दिवसातून किती वेळा चालवतात. विजेला वेगळा मीटर आहे का. नसेल तर महिन्याचा ठरीव आकडा आधीच बोलून घ्या. मोबाइलची रेंज अंगणात नाही, खोलीच्या आत, दार लावून बघा. अंगणात चार काड्या दाखवणारा फोन चिऱ्याच्या भिंतींच्या आत गेला की मुका होतो. कामाचे फोन पडवीत बसून घ्यावे लागणार असतील तर ते आधी कळलेलं बरं. न्हाणीघरात बंब असेल आणि नारळाची सोडणं घरचीच असतील तर गरम पाणी फुकट.

आणि दोन गोष्टी तोंडानं विचाराच. खोलीत स्वयंपाक केलेला चालेल का? मासे चालतील का? किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत मासळी चालत नाही. एका घरात आम्ही न विचारता बांगडे घेऊन गेलो, आणि आजींच्या चेहऱ्याकडे बघूनच परत फिरलो. ते बांगडे शेजारच्या वाडीत देऊन टाकले. पैशापेक्षा त्या आजींना झालेला त्रास लक्षात राहिला.

आगाऊ रकमेबद्दल स्पष्ट राहा. एका गावात आम्ही महिन्याचं सगळं भाडं पहिल्याच दिवशी दिलं. नवव्या दिवशी मालकांना पाहुण्यांचा मोठा गट मिळाला आणि आम्हाला खोली सोडायला सांगितली. उरलेले पैसे मागताना आमच्या हातात ना पावती होती ना चिठ्ठी, ते गेलेच. तेव्हापासून पंधरा दिवसांचं आधी, पंधरा दिवसांचं पंधराव्या दिवशी. वहीच्या पानावर तारीख, रक्कम, वीज-पाणी यात की वेगळं, आणि मधेच सोडावी लागली तर काय, एवढं चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या. चांगली माणसं याला नाही म्हणत नाहीत. उलट त्यांनाही बरं वाटतं.

ओळखपत्र मागितलं तर द्यायचंच, पण आधारची साधी झेरॉक्स गावोगाव वाटत फिरू नका. आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत उतरवता येते. तिच्या चार-पाच प्रिंट काढून पिशवीत ठेवा.

पोटाचा खर्च

खोलीइतकाच मोठा आकडा हा, आणि दर महिन्याला खरोखर हातात असलेलाही हाच. एसटीतून गॅसचा सिलिंडर नेता येत नाही, त्यामुळे विजेची शेगडी. एक इंडक्शन, त्यावर चालणारं एक पातेलं आणि एक तवा, सुरी, दोन ताटल्या, मिसळणाचा छोटा डबा. आमचं स्वयंपाकघर एवढंच, वजन पाच किलोच्या आत. निघताना कुकर घेतला नाही याची हळहळ वाटली होती, पण महिनाभर एका ठिकाणी राहिलं की मालकीणबाई स्वतःहून कुकर काढून देतात.

रोज तिन्ही वेळा रांधायचं ठरवू नका, दमाल आणि चौथ्या दिवशी हॉटेलात जाल. सकाळ-संध्याकाळ घरी, दुपारी खानावळीत राइस प्लेट किंवा कुणाकडून तरी घरगुती डबा, हे टिकतं. डबा आठवड्याच्या बोलीनं घ्या. गुहागरजवळच्या महिन्यात किराणा, दूध, भाजी, मासे मिळून ६,८०० आणि बाहेरचं खाणं-चहा २,६०० लागले. पहिल्या आठ दिवसांत नुसत्या बाहेरच्या जेवणावर ६,४०० गेले होते.

मासळी खाणाऱ्यांना किनाऱ्यावर राहण्याचा मोठा फायदा असा की ताजी, छोटी मासळी इथे खरंच स्वस्त मिळते. फक्त ती हॉटेलच्या पाटीवर नसते. पापलेट आणि सुरमईच्या मागे लागू नका. ती मोठ्या गावांकडे जाते आणि भावही तिकडचाच लागतो. मांदेली, बांगडा, मुडदुशा, सौंदाळे, तिसऱ्या हे रोजचं खाणं. मासे बहुतेक वेळा किलोवर नाही, वाट्यावर विकतात. हर्णै बंदरावर लिलाव बघायला सगळे जातात. आम्हीही गेलो, पण दोन माणसांच्या घराला लिलावाचं काम नसतं. लिलाव आटोपला की बाजूला टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे जायचं. निळ्या प्लास्टिकवर चांदीच्या सुऱ्यांसारखी मांदेली रचलेली, शेजारी मिठाच्या पाण्याचा डबा, मावशींच्या हातात जाड पात्याचा कोयता.

“मावशी, वाटा कितीला?”

“शंभर. दोन घेतलेस तर दीडशाला देते.”

“दोघंच आहोत हो. एवढी संपत नाही.”

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, एका वाट्यातली अर्धी मांदेली उचलून दुसरीकडे सारली आणि म्हणाली, “ने पन्नासला. उद्या पण ये.” दुसऱ्या दिवशी गेलो तर तिनं न विचारताच अर्धा वाटा पुढे केला. एका जागी राहिल्यामुळे जे वाचतं त्याचा मोठा भाग असा वाचतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता, दहाव्या दिवशी ओळखीचे, आणि पंधराव्या दिवशी आमसुलं, चार केळी, परसातली माठाची भाजी कुणीतरी दारात ठेवून जातं. ते हक्काचं समजू नका. आम्हीही पाहुण्यांकडून आलेला खाऊ वाटायचो, मुलांचा गणिताचा अभ्यास घ्यायचो, मोबाइलवरचे अर्ज भरून द्यायचो. देणं-घेणं दोन्हीकडून चाललं तरच गावात राहण्यात मजा आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुकट, सोडे, सुके बोंबील यांवर भागतं, आणि ते मेअखेरीस भरून ठेवतात. पावसाळ्याचा मुक्काम असेल तर तुम्हीही तेव्हाच घेऊन ठेवा.

पिण्याच्या पाण्याचा खर्च कुणी धरत नाही. माणशी दिवसाला एकेक लिटरच्या दोन बाटल्या, वीस रुपये लिटर, म्हणजे दोघांचे रोज ऐंशी, महिन्याचे २,४००. आमचं विजेचं बिल ४५० आलं होतं, त्यात पाणी उकळणंही होतं. रात्री पातेलंभर पाणी उकळून गार करा, सकाळी स्टीलच्या बाटल्यांत भरा. वाळूवर पडलेल्या बाटल्यांचे ढीग बघितलेत की हे करायला कुणाला सांगावं लागत नाही.

गाव बदलण्याचा दिवस

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या थोडा वर गेला. म्हणजे साठ किलोमीटरला साधारण शंभर रुपये धरा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत, वयाचा पुरावा जवळ हवा. आम्हा दोघांचं साठ किलोमीटरचं तिकीट त्यामुळे दीडशेच्या आसपास होतं. ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो. रोज नव्या गावी जाणाऱ्याला तो परवडतो. महिन्यात दोनदा हलणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिकिटापेक्षा जास्त पैसे जातात ते रिक्षावर. पहिल्या आठ दिवसांत प्रवासाला ३,१०० लागले, त्यातले १,९०० रिक्षांचे होते. कारण एकच : फाट्यावर उतरलो. हमरस्त्यावरची गाडी तुम्हाला फाट्यावर सोडते आणि गाव आत पाच-सात किलोमीटर. त्यावर उपाय गावात जाणारी गाडी धरणे. आगारात चौकशीच्या खिडकीवर “अमक्या गावात आत जाणारी गाडी किती वाजता?” असं विचारा, नुसतं “गाडी आहे का?” नको. बऱ्याच आतल्या गावांना वस्तीची गाडी असते. संध्याकाळी येते, रात्री गावातच थांबते, पहाटे परत तालुक्याला निघते. चालक-वाहक रात्री तिथेच झोपतात. या गाडीनं गेलात की थेट देवळापाशी उतरता, आणि सोबत बाजार करून परतणारं अर्धं गाव असतं. आमच्या दोन खोल्या अशा गाडीतच ठरल्या. सुट्टे पैसे मात्र जवळ हवेत. पहाटेच्या गाडीत पाचशेची नोट काढून वाहकाला अडचणीत टाकू नका.

कोकण रेल्वे किनाऱ्यापासून आत आहे, तेव्हा लांब पल्ल्यालाच ती उपयोगी. दिवा-सावंतवाडी गाडीत ऐनवेळी साधं तिकीट काढून बसता येतं. एक खूण लक्षात ठेवा : ज्या स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागलेलं असतं ते गावापासून लांब. राजापूर रोड, सावंतवाडी रोड. तिथे उतरताना एसटी किंवा शेअर रिक्षा कुठली मिळेल हे आधी विचारलं नसेल तर गाडीच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट पैसे स्टेशनाबाहेर जातात.

फेरीबोटीवर माझा जीव आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या चार खाड्या ओलांडत तुम्ही रायगडातून रत्नागिरीत आणि पुढे उतरता. पायी माणसाचं तिकीट किरकोळ असतं. दाभोळहून धोपाव्याला न ओलांडता गुहागर गाठायचं तर चिपळूणला वळसा घालून यावं लागतं, अख्खा दिवस जातो. बोटीवर चढताना मोटरसायकली आधी घेतात, मग चारचाकी, माणसं कडेनं. साखळ्या खडखडत फळी वर येते, आणि पंधरा-वीस मिनिटं तुम्ही खाडीच्या मधोमध उभे असता, एका बाजूला डोंगरउतारावरची कौलं, दुसरीकडे मोकळा समुद्र. किनारी महामार्गाचे पूल या खाड्यांवर व्हायचे आहेत. तोपर्यंत जेवढ्या वेळा जमेल तेवढ्या वेळा असंच ओलांडा.

फक्त शेवटच्या बोटीवर विसंबू नका. एकदा आम्ही संध्याकाळी धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडच्या काठाला दिवे लावून उभी होती. रिक्षा करून मागे यावं लागलं, मिळेल ती खोली घेतली, एका रात्रीत सोळाशे रुपये गेले. दुपारी दोनच्या आत धक्क्यावर असायचं, हा आमचा तेव्हापासूनचा नेम. आणि पलीकडे गाडी मिळेल का हे अलीकडेच विचारायचं. तिकीट फाडणाऱ्या दादांना पलीकडच्या एसटीची वेळ माहीत असते.

पैसे, फोन, दुखणंखुपणं

यूपीआय वाडीतल्या टपरीवरही चालतं, पण रेंज गेली की काहीच चालत नाही. दोन-तीन हजार रुपये रोख, त्यातले निम्मे शंभराच्या आतल्या नोटांत, कायम जवळ ठेवा. एटीएम तालुक्याच्या गावी, आणि सणाच्या आदल्या दिवशी रिकामं. दोघं असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घ्या. एका गावात एकाची रेंज लागते, खाडीपलीकडे दुसऱ्याची.

सरकारी दवाखान्याची भीती सोडा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नव्या गावात पोचलात की प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, रात्री विचारायची वेळ येऊ नये. कोकणात विंचू आणि साप आहेत. लाकडाच्या ढिगात हात घालू नका, बूट झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय अंगणात जाऊ नका. लाल विंचू चावला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट आरोग्य केंद्र किंवा १०८. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कित्येक जीव वाचवले. त्याच कोकणात त्या औषधापर्यंत पोचायला उशीर होऊ नये. रोजची गोळी चालू असेल तर महिन्याचा साठा सोबत ठेवा; ठरावीक कंपनीची गोळी छोट्या गावात मिळेलच असं नाही.

वही कशी लिहायची

ॲप वापरा किंवा वही, पण रोज रात्री लिहा. आमचे चारच रकाने आहेत : मुक्काम, पोट, रस्ता, बाकी. नुसता रोजचा आकडा बघितला तर गाव बदलण्याचा दिवस भीती घालतो आणि मधले दिवस खोटा दिलासा देतात. म्हणून गावाच्या हिशोबानं बेरीज करा. एका गावात पोचण्याच्या सकाळपासून ते सोडण्याच्या सकाळपर्यंत सगळं मिळून किती झालं, त्याला रात्रींनी भागा. आमच्या वहीत तीन रात्रींचं गाव रोज दोन हजारांच्या खाली कधी आलं नाही. दहा रात्रींचं हजार-बाराशेवर आलं. तीस रात्रींचं सातशेतीस, दोघांचं मिळून. दहा ते तीसच्या मधे जेवढं वाचतं त्यापेक्षा तीन ते दहाच्या मधे कितीतरी जास्त वाचतं. तेव्हा महिनाभर राहणं जमत नसेल त्यानं निदान दहा रात्रींच्या खाली येऊ नये.

कपडे धुणं, केस कापणं, एखादं तुटलेलं चार्जर, देवळातली पावती, हे ‘बाकी’त जातं. तो रकाना कोरा ठेवणाऱ्या माणसाची बेरीज महिनाअखेर कधीच जुळत नाही.

रेडीच्या पुढे

रेडीला महाराष्ट्राचा किनारा संपतो आणि तेरेखोलला गोवा लागतो. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. गोव्यात जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढच्या अंतराचं पूर्ण तिकीट पडतं, ते धरून चला. आम्ही गाडी न धरता तेरेखोलच्या धक्क्यावर गेलो. तिथून केरीला गोवा सरकारची फेरीबोट जाते आणि पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे केरीहून हरमल, पेडण्याकडे बस मिळते. पण त्या बाजूचं खोलीभाडं हंगामावर फार चढतं-उतरतं, आणि कोकणात जमलेली ओळख तिथे कामाला येत नाही. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून : मंगळवारी पोचा, खोली दोनच रात्रींची घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावरच्या दुकानात जाऊन विचारा.